मोसंबीचा रस आणि मामांचे शेंगदाणे

आईचं वजन आणखी घटलं तर केमोचा पुढचा डोस पुढे ढकलावा लागेल, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक घासाकडे माझं लक्ष असायचं.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला नीट समजावलं होतं. ग्लासभर मोसंबीच्या रसात पाणी, साखर आणि थोडं व्हिटॅमिन सी. मूठभर शेंगदाण्यांत किंवा बदामांत प्रोटीन आणि फॅट, शिवाय पोटात जागा कमी लागते. भूक एवढीशीच आहे, ती रसावर घालवू नका, असं त्या म्हणाल्या. मला ते लगेच पटलं. घरात पाकिटांच्या मागचं इंग्रजी वाचायचं काम लहानपणापासून माझंच. मी दाण्यांचं अगदी बारीक कूट करून, गूळ घालून दुधात कालवून आईला द्यायला लागले. तिचं तोंड आलं होतं, म्हणून अर्धा अर्धा चमचा.

पण जळगावातल्या मेहरूण भागात आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण रसच आणायचा. सगळ्यांत जास्त मामा. ते धुळ्याजवळच्या गावाहून एसटीनं यायचे. मामी पहाटे मोसंब्या पिळून थर्मास भरून द्यायच्या. जळगावला पोहोचेपर्यंत तो रस कडवट झालेला असायचा. मामा उशाशी बसून म्हणायचे, "बठ्ठा पी ले बाई. तुनासाठेच आणेल शे."

आई सगळा प्यायची. मग संध्याकाळपर्यंत कुटाची वाटी तशीच राहायची. "भाऊ एवढ्या लांबून येतो," ती मला म्हणायची. "त्याला काय नाही म्हणू?"

मला माणसांशी बोलणं जड जातं. एकदा मामा हात धुवायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांच्याकडे न बघताच मी बोलले. प्रोटीन वगैरे शब्द टाळले. रसानं पोट भरतं मामा, पण अंगाला लागत नाही. तिला दाणे हवेत, एवढंच.

"मामाले शिकाडस का, डॉक्टरीण?" ते हसले. मग टॉवेल हातात घेऊन तसेच उभे राहिले. "बरं," म्हणाले.

पुढच्या वेळी ते थर्मास न घेता आले. पिशवीत घरच्या शेतातले शेंगदाणे होते, भाजून, सालं काढून, पाखडून स्वच्छ केलेले. एकही करपलेला नव्हता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी केमो थांबवली होती. जे मागतील ते द्या, असं ते मला बाहेर बोलावून म्हणाले होते. आईच्या घशाखाली आता कूट उतरत नव्हतं. मी मोसंबी पिळून, गाळून, चमच्यानं तिच्या ओठांशी धरत होते.

मामा दारातच थांबले. चमचा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मग ते येऊन बसले. पिशवी मांडीवरच होती.

आईनं हातानंच ती उघडायला सांगितलं. दाण्यांकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "तूच खाय भाऊ. कितला बारीक व्हई गया तू."

मामांनी एक दाणा तोंडात टाकला. तोच चावत राहिले.

"बठ्ठा खाई ले," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून तिनं रसासाठी तोंड उघडलं.