दोन अर्धे कॅन

भटूला अर्धवट भरलेलं भांडं बघवत नसे. सोनगीरला घरी कपाशीची फवारणी आटोपली की बाटल्यांच्या तळाशी उरलेली औषधं एकाच डब्यात ओतून ठेवायची, ही बापाची रीत. पुढे भटू धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशाळेचा मदतनीस झाला, तरी ही खोड काही सुटली नाही.

त्या दिवशी टाकाऊ रसायनं न्यायला गाडी येणार होती. कोपऱ्यात दोन अर्धे कॅन होते, एकात वापरलेलं नायट्रिक ॲसिड, दुसऱ्यात ॲसिटोन. दोन्हींवर ठसठशीत चिठ्ठ्या होत्या, आणि हे दोन कधी एकत्र करायचे नाहीत हे रसायनशाळेच्या सरांनी बजावूनही सांगितलं होतं. पण अर्धे कॅन बघून आमच्या भटूचे हात शिवशिवले. त्याने नरसाळं लावून एकातलं दुसऱ्यात ओतलं, झाकण घट्ट पिळलं आणि स्वारी चहाला निघून गेली.

तेवढ्यात सफाईची बेबाबाई फरशी पुसायला आली. आत वायू साचून फुगलेला कॅन पुसताना आड आला म्हणून तिने तो बाजूला सरकवला, तसं झाकण उडून ॲसिड तिच्या तोंडावर आलं. तिचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात ती सरांना म्हणाली, "मनाच धक्का लागना व्हई, सर." तिच्याच धक्क्याने झालं, हे सगळ्यांनी मानलं. भटूचा जीव भांड्यात पडला, आणि तसा तो पडला याचीच त्याला जास्त लाज वाटली. तो रोज तिच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर नेऊ लागला. त्याला भाऊ मानून बेबाबाई शेजारच्या खाटांवरच्या बायकांना कौतुकाने सांगायची, "मना भाऊ शे हाऊ."

मग कॉलेजात ठरलं, बेबाबाईने निष्काळजीपणा केला, तिला कामावरून कमी करायचं. आता मात्र भटूला राहवेना. तो सरांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तिथून तसाच डबा घेऊन दवाखान्यात आला. बेबाबाई जेवू लागली तेव्हा म्हणाला,

"अक्का, तुना काही दोष नही. ते दोन कॅन मीच एक करेल व्हतात."

बेबाबाई उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली. हातातला तुकडा तिने डब्यात परत ठेवला.

"मंग ही भाकर तू त्यानाकरताच आनस का, भाऊ?"

बेबाबाईने डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे सरकवला.