शिंपीकाकांची सरळ भाषा

शिंपीकाकांनी एकोणीस वर्षं खपून एक भाषा बनवली. शिवणयंत्राशेजारच्या फळीवर तिच्या सात वह्या होत्या. तिच्यात एकही क्रियापद वाकडं जात नसे. जाणं, येणं, खाणं, सगळी एकाच मापाची.

"आठ दिवसांत कुणीही शिकेल," काका सांगायचे.

कुणी शिकलं नाही. दोष भाषेचा नव्हता. एक टाका तिरका पडला की अख्खी शिवण उसवायची, ही काकांची खोड. शिकणाऱ्यालाही ते तसंच उसवत. पोस्टातून निवृत्त झालेले शेजारी पहिल्याच वाक्यात अकरा वेळा अडवले गेले. त्यांनी बुद्धिबळ जवळ केलं. इस्त्रीवाला चिवट निघाला. दहाव्या दिवशी त्याने विचारलं, "काका, 'मी निघतो' कसं म्हणायचं?" काकांनी सांगितलं. त्याने ते बिनचूक म्हटलं आणि तो निघाला. पुन्हा फिरकला नाही.

काकांची साठी उलटली. जिवाला एकच घोर होता, आपण डोळे मिटायच्या आत ही भाषा कुणी आपल्याशी बोलेल का? शेवटी एका सकाळी त्यांनी हाय खाल्ली. पहिली वही उघडली, पानावर कॉलरचा साचा आखला आणि कात्री उचलली.

समोर काकू काजं करत बसल्या होत्या. एकूण एक शिकवणी त्यांच्या कानांवरून गेली होती. त्या ओरडल्या. काकांच्या भाषेत.

"कात्री ठेवा खाली! वेड लागलंय का? उद्या मलाही कापाल!"

काका थिजले. तीन वाक्यं, तीन क्रियापदं, तिन्ही मोडकी. भराभर बोलायला सोयीचं तेवढंच काकूंनी ठेवलं होतं. बाकी कातरून टाकलं होतं.

काकांचं बोट वर गेलं. "अगं, असं नाही, ते..."

"बोट खाली!" काकू त्याच भाषेत. "सदऱ्याची एक बाही लागलीय. दुसरी कुठंय?"

"कापड तूच कमी आणलंस!" काकाही त्याच भाषेत उखडले.

मग जुंपली. घाईत बरोबर रूप काकांच्या तोंडात मावेना. त्यांनी बिनदिक्कत काकूंचं मोडकं वापरलं. पुन्हा वापरलं.

सदऱ्याचं गिऱ्हाईक दारात येऊन घाबरलं. "अहो, काय झालं? सोडवू का?"

"थांबा हो जरा," काका त्याला नेहमीच्या बोलीत म्हणाले. डोळे भरले होते. "आत्ता कुठे बोलायला लागलोय आम्ही."