सासूबाईंचं आधारवरचं नाव

सासूबाईंच्या धाकट्या भावाची बायपास झाली. घरी सोडल्यावर बेंगळुरूहून त्यांचा फोन आला. तब्येतीबद्दल फारसं काही न सांगता ते एवढंच म्हणाले, "ताई, येऊन जा एकदा." सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिकीट काढ गं."

माझ्या नवऱ्याला रजा मिळत नव्हती, म्हणून मी आणि सासूबाई अशा दोघींनीच जायचं ठरलं. मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर दोघींची तिकिटं काढली. सासूबाईंचं नाव त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नपत्रिकांवर, दवाखान्याच्या फायलींवर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे मी ते वर्षानुवर्षं वाचत आले होते. चार अक्षरी भारदस्त नाव, पुढे सासऱ्यांचं नाव, मग आडनाव.

विमान दुपारचं होतं, पण सासूबाईंनी सकाळीच घराबाहेर काढलं. नारायण पेठेतून निघालेली टॅक्सी येरवड्याच्या पुढे अडकली तेव्हा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवायला लागला. सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो, त्यानं सिग्नल हिरवा होतो का?" त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात भावासाठी केलेल्या मेतकुटाचा डबा. तो त्यांनी बॅगेत ठेवू दिला नव्हता.

विमानतळाच्या दारातल्या जवानानं आधी माझं आधार कार्ड आणि तिकीट पाहिलं आणि मान हलवली. मग त्यानं सासूबाईंचं कार्ड घेतलं. कार्डाकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"ये कार्ड किसका है?"

"माझंच," सासूबाई म्हणाल्या.

"नाम अलग है, माताजी."

मला वाटलं, स्पेलिंगमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. मी कार्ड हातात घेतलं. फोटो त्यांचाच होता, कपाळावरच्या बारीक टिकलीसकट. पत्ता आमचाच होता, पत्त्यात सासऱ्यांचं नावही होतं. पण वर जे नाव छापलं होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनावही वेगळं.

"आई, हे कुणाचं नाव आहे?"

"माझं. माहेरचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू तिकिटावर काय घातलंस?"

मागे रांग वाढत होती. जवान रागावला नाही. बाजूच्या काउंटरकडे बोट दाखवून म्हणाला, तिथे नाव दुरुस्त करून आणा, मग सोडतो.

काउंटरवर तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी होती. तिनं दोन्ही नावं पडद्यावर पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "मॅडम, एखाददुसरं अक्षर असतं तर लगेच केलं असतं. अख्खं नाव बदलता येत नाही. म्हणजे तिकीट दुसऱ्याच माणसाला दिल्यासारखं होतं."

"पण माणूस तोच आहे ना!"

"मला दिसतंय, मॅडम. पण सिस्टिमला कसं दिसणार?"

तिनं तिच्या वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ बोलली. मग म्हणाली, तिकिटावरचं नाव आणि फोटो असलेलं कुठलंही सरकारी ओळखपत्र असेल, तर दोन्ही जोडून ते परवानगी देतील. फोटो काढून पाठवला तरी चालेल.

"मतदानाचं कार्ड आहे की," सासूबाई म्हणाल्या. "त्यावर सासरचं नाव आहे. पण ते घरी. माझ्या कपाटात, मधल्या खणात."

घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. मी फोन केला. काकू जिने चढल्या, दार उघडलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "कपाट उघडू ना? नंतर म्हणू नका, शेजारणीनं उचकलं." मग जरा वेळानं, "तुमच्या मधल्या खणात सगळं आहे हो, ते कार्ड सोडून. शोधते. ठेवा फोन."

आम्ही काउंटरशेजारच्या खुर्च्यांवर बसलो. मला घाम फुटला होता. सासूबाई मात्र मांडीवरची पिशवी सरळ करत होत्या. मी म्हटलं, "आई, मागच्या वेळी तुम्ही दोघं विमानानं गेला होतात, तेव्हा हा घोळ झाला नाही?"

"नाही. तेव्हा तिकिटं यांनी काढली होती." त्या थांबल्या. "यांना माहीत होतं."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधीच त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. सासरी आल्या तर नणंदेचं नाव नेमकं तेच. घरात एकाच नावाच्या दोघी नकोत, म्हणून तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं. नोकरीतलं नावही बदलून घ्यावं असं घरात सगळे म्हणत होते. सासरे म्हणाले, नोकरी तिनं मिळवली आहे, तिथे तिचंच नाव राहू दे. तेच पुढे पगाराला राहिलं, पेन्शनला राहिलं, आणि आधार काढायची वेळ आली तेव्हा पेन्शनशी जुळायला हवं म्हणून तिथेही तेच गेलं. पेन्शनचे व्यवहार त्या स्वतःच बघतात, कुणाला हात लावू देत नाहीत, त्यामुळे मला कधी कळायचं कारणच नव्हतं.

माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिचं आहे तेच लिहा. छान आहे." मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्यामागे काय होतं, ते मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

"मग ते नाव कुणी घ्यायचंच नाही का, आई? ऑफिस सोडून?"

"वडील घ्यायचे, ते गेले. भाऊ ताई म्हणतो." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "हे घ्यायचे. घरात कुणी नसताना. नवीन नावानं यांनी मला चारचौघांत सुद्धा कधी हाक मारली नाही. अगं म्हणायचे, नाहीतर खाकरायचे."

मला सासरे आठवले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून खाकरायचे खरे. मला वाटायचं, त्यांचा घसा खराब आहे.

"ते गेल्यापासून आता कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. सुस्कारा नाही, काही नाही. गॅस संपला हे सांगावं तसं सांगितलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी फोटो पाठवला होता, पण त्यांचा अंगठा नेमका नावावर आला होता. दुसरा पाठवा म्हटल्यावर म्हणाल्या, "आता अंगठा कापून ठेवते बाजूला." दुसरा फोटो स्वच्छ आला. काउंटरवरच्या मुलीनं तो पुढे पाठवला, उत्तराची वाट पाहिली आणि हसली. "झालं. आजी, तिकिटावर आता आधारवरचं नाव घालते हं."

"घाला. वडिलांच्या नावासकट घाला," सासूबाई म्हणाल्या.

दारातल्या जवानानं नवीन तिकीट पाहून या वेळी "आइए" म्हटलं. आत सुरक्षा तपासणीत मेतकुटाचा डबा अडला. तपासणाऱ्यानं झाकण उघडून पिवळी पूड पाहिली, वास घेतला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी हिंदीत मेतकूट समजावत राहिले. शेवटी सासूबाईंनी पुढे होऊन सांगितलं, "भात में खाते हैं. बीमार आदमी के लिए." त्यानं झाकण नीट दाबून डबा परत दिला.

विमानाला अजून अवकाश होता. आम्ही काचेजवळ बसलो. थोड्या वेळानं लाउडस्पीकरवर एका बाईंचं नाव पुकारलं गेलं. माझं लक्षही गेलं नाही. सासूबाई मात्र ताठ झाल्या. पुन्हा तेच नाव आलं, पहिलं, मधलं, आडनाव, अगदी स्पष्ट. आणि त्यांनी ओ दिली. हळूच, समोर कुणी नसताना, घरात आतून हाक आल्यावर देतात तशी.

"आई, तुम्हालाच बोलावताहेत. चला."

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून एकदा घेतील का गं?"

आम्ही थांबलो. अजून एकदा घेतलं. मग त्या उठल्या, डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या पुढे चालू लागल्या. काम किरकोळ होतं. नवीन तिकिटात आमच्या जागा लांब लांब गेल्या होत्या, त्या गेटवरच्या मुलानं शेजारी शेजारी करून दिल्या.

विमानात मी धीर करून विचारलं, "मी म्हणू का तुम्हाला त्या नावानं? कधीतरी?"

त्या हसल्या. "वेडी आहेस. तू आई म्हण." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "पण लक्षात ठेव."

म्हणून मी ते इथे लिहीत नाही. लक्षात ठेवलं आहे.

बेंगळुरूला पोहोचलो तेव्हा मामा उशीला टेकून दाराकडेच बघत बसले होते. चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत होता. "ताई, केवढा उशीर!"

"नावाचा घोळ झाला," म्हणून सासूबाईंनी सगळं सांगितलं. मामा छातीला उशी दाबून धरून हसले, कारण हसलं की टाके दुखत होते. मग एकदम गंभीर होऊन मला म्हणाले, "तुला सांगतो, हिच्या लग्नात मी एवढासा होतो. कुणीतरी म्हणालं, आता हिचं नाव बदललं. मला वाटलं, झालं, आता आपण हाक मारली तरी ताईला कळणार नाही. मी मांडवात भोकाड पसरलं होतं."

"आणि जिलबी दिल्यावर गप्प बसलास," सासूबाई म्हणाल्या.

"दोन दिल्या होत्यास," मामा म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का पाहिलं, पांघरूण सारखं केलं आणि मेतकुटाचा डबा घेऊन भात लावायला आत गेल्या.