जावळाच्या पंगतीला नाकारलेल्या कोंबड्या

मित्रहो, करमाडहून थकून परतलो आहे, तरीही विषय नीट मांडतो.

भाजीच्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या वाढवून, वाळवून, दळून जी भुकटी मिळते, ती कोंबड्यांसाठी उत्तम प्रथिन आहे. माझ्या शब्दावर तिथल्या कुक्कुटपालक कांताबाईंनी आपल्या ब्रॉयलर पक्ष्यांना खाद्यातल्या थोड्या सोयापेंडेऐवजी ही भुकटी दिली. पक्षी छान भरले.

आज नातवाच्या जावळाच्या जेवणासाठी सगळे पक्षी न्यायला एक काका आले. मी उत्साहाने त्यांना भुकटी दाखवून सारे समजावले.

"म्हंजे किड्यावर पोसल्या व्हय?" काका मागे सरले.

"अवो काका, उकिरड्यावरची गावरान काय पुरणपोळी खाती का?" कांताबाई म्हणाल्या.

"ती तिच्या मनानं खाती. आपण हातानं किडे चारायचे अन् पंगत बसवायची? नाय बा!"

काका रिकामा टेम्पो घेऊन गेले.

"सर, तुमचं समदं खरंय," कांताबाई म्हणाल्या, "पण आता ह्या मी कुणाला इकू?"

खाणाऱ्याला सांगायलाच हवे, हे माझे मत कायम आहे. पण त्याची झळ एकट्या कांताबाईंनी का सोसावी? खरे सांगा, तुमच्या घरची पंगत असती, तर तुम्ही हे पक्षी नेले असते का?