गुडघ्याला कान लावणारे मामा

आमच्या शेजारच्या फिटरमामांनी कान लावला नाही असा एकही गुडघा छावणी भागात शिल्लक नव्हता. कान त्यांचा, पण मध्ये हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, असे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते मशिनं दुरुस्त करत. चालत्या मशिनच्या बेअरिंगवर पेचकसाचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि आत काय झिजलंय ते ऐकायचं, ही त्यांची तिथली रीत. संध्याकाळी भोंगा झाला की मशिनं मागं राहत आणि पेचकस मामांबरोबर घरी येई. मग ओट्यावर जो सापडेल त्याला खुर्चीत बसवून ते पाय हलवायला लावत आणि डोळे मिटून त्याचा गुडघा ऐकत.

गुलमंडीवरच्या एका लग्नात तर त्यांनी भर मांडवात वरमाईलाच ऐकलं. "डावं बेअरिंग गेलंय, ताई. उजवं अजून दोन पावसाळे काढंल," असं चारचौघांत जाहीर केल्यावर वरपक्ष रुसला आणि मुहूर्त टळता टळता राहिला. मामी तोंडावर पदर ओढून खांबामागं बसल्या होत्या. पण पुढच्याच आठवड्यात तीच वरमाय आपल्या नणंदेला घेऊन मामांच्या ओट्यावर हजर. तिथल्याच एका कापडदुकानदाराचे गुडघे गादीवरून उठताना कडाकडा वाजत आणि त्यानं धसका घेतला होता. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "सेठ, बेफिकीर राव्हा. वाजतंय, पण दुखत नाय, सुजत नाय. नुसती हवा हाय." पुढं मेडिकलच्या वर्गात आमचे सरही हेच सांगणार होते, फक्त त्यांना एक तास लागला.

मी मेडिकलला गेले आणि मामांना हक्काचं माणूस मिळालं. "बेअरिंगला ग्रीस माराया भोक ठेवतेत. देवानं गुडघ्याला काऊन नाय ठेवलं?" असले त्यांचे प्रश्न. मी सांगायची, की सांधा आपलं वंगण आपणच तयार करतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, म्हणून तो झिजतो तेव्हा कळतही नाही, आणि एकदा गेला की पुन्हा तसा येत नाही. मामा सगळं ऐकून घेत. मग म्हणत, "बनवणारा लई मोठा फिटर आसंल. पण स्पेअर पार्ट ठेवाया इसरला."

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत मामांच्याच खात्यातल्या वेल्डरकाकांचं गावाकडचं घर जळालं होतं. दौलताबादकडची मामांची भावकी त्यांना म्हणाली, "तू यात पडू नगं." मामा पडले. जेवणाच्या सुट्टीत, उघड्या डब्यासमोर, त्यांनी काकांना शब्द दिला, "ज्या दिवशी गेटावर नवं नाव लागंल, त्या दिवशी छावणीपासून विद्यापीठापर्यंत तुझ्यासंगं चालत येतो." त्या वेळी मामा सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडत. पण नाव लागायला पंधरा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात मामांचा उजवा गुडघा गेला.

मी सुट्टीत घरी आले तर मामा खाटेवर. तीन महिने झाले, उठले नाहीत, असं मामींनी सांगितलं.

"शटडाऊन घेतलाय," मामा म्हणाले. "उरलेली कूर्चा त्या दिवसासाठी राखून ठेवतोय. झिजली की परत येत नाय, तूच म्हणली व्हतीस."

मांडी पार वाळली होती. मला रडू आलं आणि रागही आला. "मामा, तिला रक्त मिळत नाही. चालताना ती दाबली जाते, सुटते, तेव्हाच वंगण पिते. तुम्ही तिला राखत नाही, उपाशी ठेवताय."

मामांनी वाळलेल्या मांडीवरून हात फिरवला. "म्हंजे हे मशिन बंद ठेवलं की बिघडतंय?"

"व्हय."

"आसलं मशिन उभ्या जन्मात नाय पायलं," म्हणाले आणि त्यांनी काठी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून वेल्डरकाका सकाळी हजर. पहिल्या दिवशी दोघं पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि रिक्षानं परत आले. महिन्याभरात रिक्षा सुटली. वाटेत मामा काकांचाही गुडघा ऐकत आणि तो आपल्यापेक्षा चांगला निघाला की तोंड पाडत.

नाव जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फेटा बांधून काकांबरोबर निघाले. मागून मी घडीचं स्टूल घेऊन. मामा चारदा बसले, आणि चारही वेळा शेजारी उभ्या असलेल्याचा गुडघा ऐकून उठले. गेटाशी ही गर्दी, हलग्या, घोषणा. काकांनी कमानीवरच्या नव्या नावाकडं पाहिलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग मामांच्या पिशवीतून पेचकस काढून ते खाली बसले, टोक मामांच्या गुडघ्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"काय म्हणतंय?" मामांनी ओरडून विचारलं.

"लई खडखड करतंय," काका म्हणाले. "पण आलं."

आता दोघंही नाहीत. मामींनी दिलेला पेचकस माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर असतो. एक्स-रे बघता बघता पेशंट विचारतात, हा कशाला? मी काहीतरी सांगते. परवा दवाखाना बंद करताना सहज तो माझ्याच गुडघ्याला लावून ऐकला. बारीक खडखड सुरू झालीय. गाडी तिथंच ठेवली आणि घरी चालत गेले.