ठेंगू आणि दुर्गामावशी

भाजीवाल्याशी बोलताना दुर्गामावशी एका शब्दापाशी येऊन थबकायच्या. "भैया, जरा…" म्हणायच्या आणि पुढे नुसतं बोट दाखवायच्या. कारण हिंदीतला 'ये' तोंडातून निघाला, की आमचा कुत्रा दोन मजले उतरून त्यांच्या पायाशी हजर व्हायचा.

चूक अर्थातच माझी. बँकेने माझी बदली बनारसला केली. पंचगंगा घाटाजवळ, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच मराठी असलेल्या दुर्गामावशींच्या घरात आम्ही भाड्याने राहिलो आणि मुलीच्या हट्टापायी मी कॉर्गी जातीचं, आखूड पायांचं पिल्लू आणलं. हौसेने त्याला मराठी शिकवलं: बस, थांब, ये. ज्या शहरात सगळे दिवसभर 'ये देखिए, ये लीजिए' करतात, तिथे ही अक्कल मी पाजळली.

"पाय दुकानात विसरलात काय, बँकवाले?" पिल्लू पाहून मावशींनी विचारलं होतं.

"वाढतील."

"पक्कं ना? मग थांबू. तोवर तुमची समज पण वाढेल."

पाय वाढले नाहीत. समजेचं काय झालं, ते मावशी सगळ्या गल्लीला सांगत. मी ठेवलेलं 'शेरा' हे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केलं. शेराचा ठेंगू झाला.

कॉर्गी ही गुरं राखणारी जात. गुरं नसली तर माणसं राखते. एकदा घाटावर कुणी यात्रेकरू 'ये' म्हणाला. ठेंगू धावला आणि पोटऱ्यांना नाक लावत अख्खा घोळका आमच्या दारात घेऊन आला. मागून नावाडी ओरडत आला, "बाबूजी, आपका कुत्ता हमारी सवारी हाँक लाया!" मी हात जोडून माफी मागत होतो, तर मावशी आत चहाचं आधण वाढवत होत्या. "त्याने आणलेत ना, मग पाहुणेच ते."

मावशी शाळेतून रिटायर झालेल्या, वर एकट्याच राहायच्या. दिल्लीची नातवंडं फोनवर हिंदीतच बोलत. "मराठीत हाक मारली की येणारा हा एकच उरला," असं हसत म्हणायच्या. हिवाळ्यात सकाळी मावशी आणि ठेंगू घाटाच्या वरच्या पायरीवर बसत. धुक्यात पलीकडचा काठ नसे, नदीही नसे. होड्या हवेत टांगल्यासारख्या हलत. ठेंगू इकडून तिकडे धावत ते धुकंच गोळा करू पाहायचा. "राहू दे रे, परेशान नको होऊस," मावशी म्हणायच्या. मीही तिथे टेकलो, की बँकेची वेळ कुठल्या कुठे वाहून जाई.

मग नागपूरला बदली झाली. कुत्रा मावशींनाच द्यायचा, असं मी परस्पर ठरवलं. औदार्याचं छोटंसं भाषण पाठ करून वर गेलो. मावशी ठेंगूच्या पांघरुणाची घडी घालत होत्या.

"माझ्या गुडघ्यांना विचारलंत? अठ्ठ्याहत्तर झाली मला. मी गेले की हा कोणाला गोळा करेल, रिकाम्या जिन्याला? न्या त्याला."

मी घडी घातलेलं पांघरूण काखेत मारलं आणि खाली आलो.

निघायच्या दिवशी स्टेशनला नेणारी गाडी गल्लीबाहेर, मोठ्या रस्त्यावर उभी होती. ठेंगू आम्हाला सोडून मागे पळाला आणि मावशींच्या टाचांना नाक लावून त्यांना पुढे ढकलू लागला. गुडघ्यांमुळे वर्षभरात मोठ्या रस्त्यापर्यंत न गेलेल्या मावशी भिंत धरत निघाल्या. "चलते रे बाबा, चलते." सगळे बसेपर्यंत तो गाडीत चढेना, म्हणून मागच्या सीटवर त्याही बसल्या. ठेंगूने एकेकाचे पाय हुंगले, हजेरी पूर्ण केली आणि मावशींच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला.

"मावशी, स्टेशनपर्यंत तरी चला," बायको कुजबुजली.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. ड्रायव्हरला गाडी इतक्यात सुरू न करण्याची खूण केली, पाऊल हळूच सोडवून घेतलं, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता अनवाणीच उतरल्या.