नळ्यांखालचं ऊन

यंत्रवाल्या मान्यांनी मला फसवलं, असं मी वर्षभर पेठेत ओरडत होतो. माझ्या रंगकारखान्याचं लाल पाणी त्यांनी गच्चीवर बसवलेल्या काचेच्या नळ्यांतून फिरतं. आतल्या पांढऱ्या लेपावर ऊन पडलं की रंग तुटतो, पाणी नितळ होतं. माझा तुटत नव्हता.

आज दुपारी कामावरच्या शांताबाईंनी जेवणाचं ताट धुऊन नळ्यांखाली वाळत ठेवलं. ताटावरची तिरीप नळीच्या पोटाला लागली आणि तेवढाच तुकडा लखलखला. बाकीच्या नळ्या खालून अंधारलेल्या होत्या. फटींतून निसटलेलं ऊन नुसती फरशी तापवत होतं.

यंत्र घेताना, नळ्यांखाली चकचकीत पत्रा हवा, असं माने कळवळून सांगत होते. "निम्मं ऊन वाया जाईल, शेठ."

"आरसे न्हाव्याला विका," म्हणत मी तो पत्रा सौद्यातून काढायला लावला आणि जिंकल्याच्या तोऱ्यात त्यांना चहा पाजला.

उन्हाशी घासाघीस चालत नाही. परतवलं नाही, तर ते मुकाट निघून जातं.

"आमच्या ओढ्याला अजून तुमचाच रंग येतोय, मालक," शांताबाई म्हणाल्या. "पोरांचे सदरे पांढरे राहीनात."

मला वर बघवेना. वस्तीने ते सदरे माझ्या दारात आणून टाकावेत. जाब मान्यांना नको, मला विचारा.